मागणीवाचून अर्ज

या गावात माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. ती अशी की, एका मेलेल्या सिनेमानटाच्या आईकडे मी अर्ज लिहून भीक मागितली. सांगणारे तिला तिखटमीठ लावतात, ऐकणारे पोट धरून हसतात, आणि मी कचेरीच्या फाटकातून आत शिरताना पाठीमागून कोणी तरी ‘मेहेरबान मातोश्रीसाहेब’ असा आवाज काढतो. ज्या मनुष्याने एकवीस वर्षे या तालुक्याची दुःखे कागदावर उतरविली, त्याच्या पदरात तालुक्याने शेवटी एवढेच टाकले. म्हणून झाले ते जसेच्या तसे लिहून ठेवीत आहे. जेथे माझी चूक आहे तेथे ती मी लपविणार नाही. मात्र माझी चूक म्हणजे गाव सांगते ती नव्हे.

मी अर्जनवीस. वाशीमच्या तहसील कचेरीच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली माझी बैठक आहे. एक सतरंजी, एक उतरत्या झाकणाची पेटी, दोन दौती, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली परवान्याची चौकट. माझे शिक्षण मराठी सहावीपर्यंत झाले. सातवीच्या परीक्षेस मी बसलो होतो, पण गणिताने घात केला. तथापि कायद्याची भाषा मला जितकी अवगत आहे तितकी सातवी उत्तीर्ण झालेल्या कोणा मास्तरास असेल तर त्याने समोर यावे. माझ्या हातचा अर्ज आजवर नमुन्याबाहेर म्हणून परत आलेला नाही. साहेबलोक बदलून गेले, तहसीलदार बदलून गेले, अर्जाचा नमुना मात्र बदलला नाही, आणि तो नमुना मला झोपेतून उठविले तरी तोंडपाठ आहे. खरे सांगायचे तर, त्या पाठांतरानेच माझे नाक कापले.

जर्मनीशी दुसरी लढाई सुरू होण्यापूर्वीची दोन-तीन वर्षे आमच्याकडे तंबूतला सिनेमा येत असे. कापसाचा हंगाम उलगडला, लोकांच्या हाती चार पैसे खेळू लागले, की तंबूवाला बाजाराच्या मैदानात खुंट्या ठोकी. त्या तंबूत एका विनोदी नटाने या गावाला वेड लावले. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. आमच्यापैकी नावाने त्याला कोणी ओळखतही नव्हते. ‘शिंकवाला’ म्हटले की पुरे. त्याचे सोंग ठरलेले असे. वरात निघाली, सावकार जप्तीला निघाला, सरदार मोहिमेवर निघाला, की हा कोठून तरी मध्ये येऊन शिंकणार. आणि निघालेला मनुष्य अपशकुन झाला म्हणून उचललेले पाऊल मागे घेणार. पुन्हा निघाला की पुन्हा शिंक. शिंक येण्याआधी त्याच्या नाकपुड्या फुगत, डोळे कपाळात जात, सारा तंबू श्वास धरून बसे, आणि शिंक न येताच तोंड पूर्ववत होई. लोक सुस्कारा सोडीत. मग जप्तीचा कागद उघडता उघडता ती येई.

अर्जनवीसाने चारचौघांत हसू नये असे माझे मत आहे. पक्षकाराचा विश्वास उडतो. तरी तो खेळ मी खुर्च्यांच्या भागात बसून चार वेळा पाहिला आणि चारही वेळा उपरण्याचा बोळा तोंडात धरून हसलो. हे मी आज प्रथमच कोणास सांगत आहे.

तो गेल्याची बातमीही गावाला माझ्याच तोंडून कळली. कचेरीच्या फाटकासमोर एका मुसलमान शिंप्याचे दुकान आहे. आम्ही सर्व त्यास चाचा म्हणतो. चाचाला उर्दू वाचता येते, मराठी येत नाही. म्हणून अकोल्याहून गाडीने येणारे मराठी वर्तमानपत्र तो विकत घेई आणि दुपारी मी ते त्याच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाची. ऐकायला पानवाला, हमाल, बाजारातले माळी, तारखेला आलेले पक्षकार असे पंधरा-वीस लोक जमत. त्या दिवशी कापसाचा भाव वाचून झाला, पान उलटले, आणि केसांच्या तेलाच्या जाहिरातीखालच्या चार ओळी मी त्याच आवाजात वाचून टाकल्या. शेवटची ओळ तोंडातून गेल्यावर मला तिचा अर्थ कळला. चाचाचे शिवणयंत्र थांबले होते.

“फिर से पढो, मुनशीजी,” चाचा म्हणाला.

मी पुन्हा वाचले. दुसऱ्या वाचनातही तो मेलेलाच होता, आणि मागे मुंबईत त्याची आई तेवढी राहिली होती.

 मग पानवाला हळूच म्हणाला, “यमदूत न्याले आले तवा शिंकला नाई काय बावा?”

“शिंकला असन,” एक हमाल डोळे पुसत म्हणाला, “पन यमाले कायचा शकुन अन् कायचा अपशकुन!”

त्यावर सर्व हसले आणि हसता हसता काही जण रडू लागले. चाचाने दुकान बंद केले. बाजारातल्या एका भिंतीवर त्या नटाचे जुने, पावसाने विटलेले चित्र चिकटविलेले होते. संध्याकाळपर्यंत त्याला झेंडूचा हार पडला होता. तंबूवाला त्या वेळी जवळच्या मालेगावास होता. तो आठवड्याच्या आत खुंट्या उपटून इकडे आला, जुनाच खेळ ‘शोकाचा खेळ’ म्हणून लावला आणि तिकीट वाढविले. लोक तेही देऊन गेले. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते मी त्या वेळी तिकिटाच्या खिडकीवर पाहिले. पण त्या तंबूवाल्यास आज कोणी हसत नाही, मला हसतात.

बातमीच्या चौथ्या दिवशी एक माळी माझ्या सतरंजीपुढे येऊन उकिडवा बसला. गावाबाहेर ओढ्याकाठी त्याचा लहानसा मळा. वांगी, मेथी, मिरची काढावी आणि नवराबायकोने बाजारात आणून विकावी एवढाच त्याचा संसार. कोर्टकचेरीचे काम त्याला कधी पडलेले नव्हते, म्हणून आमची ओळख केवळ वर्तमानपत्र वाचणारा आणि ऐकणारा इतकीच होती.

“मुनशीजी, एक कागद लिवाचा हाय.”

“कोणाविरुद्ध?” मी टाक बुडविला.

“इरुद्ध नाई. त्या शिंकवाल्याच्या मायले.”

मी टाक खाली ठेवला. “काय मागायचे आहे?”

“मांगाचं काही नाई. सांगाचं हाय.”

आणि त्याने सांगितले. दोन वर्षांमागे त्याची सहा वर्षांची मुलगी गोवराने गेली. त्या दिवसापासून त्याची बायको रडली नाही, बोलली नाही. बाजारात पोत्यावर बसे, पण गिऱ्हाइकाने स्वतःच भाजी मोजून घ्यावी आणि पैसे टाकून जावे. घरी स्वयंपाक करी, पण भाजीत मीठ घालायचे तिला सुचत नसे. “आठ मयने आमी अळनी खाल्लं,” तो म्हणाला, “मी वरून मीठ घेत नोतो. तिले दिसलं असतं.” मग तंबू आला. तंबूवाल्याने भाजीच्या बदल्यात दोन माणसांना आत सोडले. शिंकवाला पडद्यावर आला, त्याने नाक फुगविले, आणि सावकार कागद उघडताच शिंकला. शेजारी कोणी तरी मोठ्याने हसले म्हणून याने वळून पाहिले, तर ती त्याची बायको होती. हसली, आणि हसता हसता त्या गर्दीतच हंबरडा फोडून रडली. दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ होते.

“आता थ्याच्या मायचं लेकरू गेलं,” माळी म्हणाला. “आपल्यात कोनी मेलं तं घरात चूल पेटत नाई. शेजारीपाजारी कडू घास घेऊन जातात, मायच्या तोंडात पयला घास घालतात. मी मुंबईले कसा नेऊ घास? माही बायको मने, कागद तरी धाडा. तुमच्या लेकानं माह्या घरात मीठ आनलं, एवढं त्या मायले कळू द्या.”

आज हे लिहिताना मला वाटते, तेथल्या तेथे ती दोन वाक्ये कोऱ्या कागदावर उतरवून मी त्यास दिली असती तर? परंतु माझा हात तसा वळत नव्हता. एकवीस वर्षांत माझ्यासमोर जो बसला त्याला काही ना काही हवे होते. कोणाला बांध हवा होता, कोणाला तगाईचे सरकारी कर्ज, कोणाला बंदुकीचा परवाना, कोणाला भाऊ तुरुंगातून सुटायला हवा होता. ज्याला काहीच नको असा मनुष्य मी पाहिला नव्हता, आणि अशा मनुष्याचा नमुना माझ्यापाशी नव्हता.

“मागणीवाचून अर्ज नसतो,” मी त्यास समजावले. “मागणी नसली तर वाचणारा विचारतो, मग हा माझ्यापुढे आला कशाला?”

“अर्ज नोको मंग. चिट्ठीच लिवा.”

“चिठ्ठी घरच्या माणसाला लिहितात. ती बाई मोठ्या माणसाची आई आहे.”

एवढ्यात चाचा ओट्यावरून उठून आला. त्यालाही पत्रात सामील व्हायचे होते. पाठोपाठ पानवाला आला, हमाल आले. चाचाने तोड काढली, “फोटू मांगो. एक फोटू. दुकान में लगायेंगे.” फोटो मागण्यात कोणास वावगे वाटले नाही, आणि मला माझी मागणी मिळाली. एकदा मागणी मिळाल्यावर टाक आपोआप चालू लागला.

तो मसुदा मला आजही मुखोद्गत आहे. ‘मेहेरबान मातोश्रीसाहेब, मयत सिनेमानट यांच्या, मुक्काम मुंबई, यांचे हुजुरास. अर्जदार नंबर एक, उमर अंदाजे चाळीस, पेशा बागाईत, राहणार वाशीम, व इतर, नम्रतापूर्वक अर्ज करितात ऐसा जे.’ पुढे कलमे. मयताशी अर्जदारांचे संबंध आप्ततुल्य होते. मयताच्या मृत्यूमुळे अर्जदारांचे अपरिमित नुकसान झाले आहे. मयताच्या कलेपासून अर्जदारांच्या कुटुंबीयांस समाधान लाभत असे, ते आता बंद पडले आहे. सबब मयताची एक छबी व, मिळण्यासारखी असल्यास, त्याच्या अंगावरील एखादी वस्तू अर्जदारांस मिळावी. आणि सर्वांत शेवटी जे माझ्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी असते, जे लिहिताना मी कागदाकडे पाहतही नाही, ते: ‘अर्जदार अत्यंत गरीब असून मेहेरबानांखेरीज त्यांस अन्य आधार नाही. तरी योग्य वाटेल ती मदत मंजूर व्हावी, म्हणजे अर्जदार आजन्म दुवा देतील.’

नियमाप्रमाणे मी अर्ज वाचून दाखविला. माळी तोंड उघडे ठेवून ऐकत होता.

“याच्यात माह्या बायकोचं हाय काय?”

“आहे. कलम तीन. कुटुंबीयांस समाधान.”

“अन् मीठ?”

“अर्जात मीठ लिहीत नाहीत.”

त्याने मान हलविली. मी शिकलेला, तो अडाणी; मी म्हणतो तर नसेल लिहीत. त्याने अंगठा उमटविला. त्याच्याखाली बत्तीस अंगठे पडले आणि शेवटी चाचाची उर्दू सही. मग मी पेटीतून कोर्ट फीचे तिकीट काढले आणि वरच्या कोपऱ्यात लावले. कचेरीबाहेरच्या कागदास ते लागत नाही हे मला माहीत होते. पण तिकिटाशिवाय कागद मला नागडा वाटतो; आणि ते तिकीट मी माझ्या पदरचे लावले होते. गावाने हार घातला, चाचाने दुकान बंद ठेवले, मी तिकीट लावले. मेलेल्या माणसासाठी मला दुसरे काही करता येत नव्हते. तंबूच्या जाहिरातीवर सिनेमा कंपनीचा पत्ता होता, त्यावर अर्ज रजिस्टर टपालाने रवाना केला.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी माळी फाटकापाशी येऊन विचारी, “मुनशीजी, काही जवाब?” मी म्हणे, “वरिष्ठांकडे वेळ लागतो.” तो म्हणे, “घरी रोज इचारते. मायले कागद भेटला असन काय, मनते.” एकदा त्याने मला चार हिरव्या मिरच्या देऊ केल्या. मी त्या घेतल्या नाहीत. काम झाल्याविना मी काही घेत नाही.

दीड महिन्याने उत्तर आले. माझ्या मार्फत, अर्जदार नंबर एकच्या नावे, टंकलिखित आणि इंग्रजीत. इंग्रजी मला येत नाही. हे वाक्य मी लिहिले खरे, पण ते लिहिण्यापूर्वी मी दौत झाकून थोडा वेळ बसलो होतो. कचेरीच्या इंग्रजी शाखेत एक तरुण कारकून आहे, मॅट्रिक झालेला, केसांचा कोंबडा काढणारा. त्याच्याकडे मी एकट्याने जायला हवे होते. परंतु दिवस बाजाराचा होता, माळी हजर होता, चाचा हजर होता, आणि मुंबईहून माझ्या अर्जाचे उत्तर आले हे चार लोकांनी पाहावे असे मला वाटले. म्हणून मी त्या कारकुनाला बाहेर चाचाच्या ओट्यावर बोलाविले.

त्याने कागद मनातल्या मनात वाचला. त्याच्या ओठांचे कोपरे हलू लागले.

“वकिलाचा कागद आहे,” तो म्हणाला. “मयताच्या आईच्या वतीने. लिहितात की, तुमच्या जिल्ह्यात मयताचे कोणी नातेवाईक नाहीत. नातेवाईक असल्याचा आणि मरणाने नुकसान झाल्याचा तुमचा दावा नाकबूल आहे. गरिबीच्या सबबीवर मदत मागणारे असे अर्ज रोज येतात. बाई वृद्ध आहेत, आजारी आहेत, त्यांना त्रास देऊ नये. मयताच्या चीजवस्तूंवर पुन्हा हक्क सांगाल तर कायदेशीर इलाज केला जाईल.” मग त्याने कागदाची घडी घातली, आणि ज्याची वाट पाहत होता ते बोलला, “वा मुनशीजी! माणसाची राख थंडी झाली नाही अन् तुम्ही त्याच्या मायले भीक मांगतली?”

ओट्यावर हशा पिकला. हसणाऱ्यांत ज्यांचे अंगठे त्या अर्जावर होते तेही होते. माळी हसला नाही. तो कारकुनाकडे पाहतच नव्हता.

“मुनशीजी,” त्याने मला विचारले, “मी गरीब हाओ असं लिवलं होतं काय?”

“ते रीतीचे वाक्य आहे. सगळ्याच अर्जांत असते.”

“मदत मांगतली होती काय?”

“तेही रीतीचेच. त्याचा अर्थ मदत मागणे असा होत नाही.”

“मंग कसा होते?”

 माळी उठला. म्हणाला, “मी त्या मायले घास द्याले निंगालो होतो. तुमी माह्या हाती वाडगा देला.”

तो एवढेच बोलला. आणि नंतर, ओट्याच्या खाली उतरल्यावर, परत फिरून असे बोलला, की ते मला अपमानाहून जड गेले, “दुसरा कागद लिवा, मुनशीजी. आमाले काही नोको मना. एवढंच लिवा.”

मी होकार दिला. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी पेटीवर कोरा कागद घेऊन बसलो. पूर्वीचा अर्ज मागे घ्यावयाचा तर मागे घेण्याचा अर्ज करावा लागतो, आणि त्यात कारण द्यावे लागते. कारण म्हणजे चूक. आणि चूक कोणाची हे लिहावे लागते. ‘अर्जनवीसाच्या चुकीने’ असे लिहिले असते तर तो कागद त्या वकिलाच्या हाती पडला असता. वकील म्हणजे काय जात असते हे मी पाहिले आहे. त्याने तो डिप्टी कमिशनरसाहेबांकडे धाडला असता तर भिंतीला टेकलेली ती चौकट गेली असती. ही भीती पोकळ होती की खरी, हे आजही मला सांगता येणार नाही. अशा प्रसंगीचे रीतीचे दुसरे वाक्य मला ठाऊक होते, आणि मी तेच लिहिले: ‘अर्जदार हा अडाणी व अज्ञानी असल्यामुळे त्याचेकडून अनवधानाने मदतीची मागणी झाली, ती त्यास माफ व्हावी.’

माझी चूक ही. गाव जी सांगते ती नव्हे. पहिल्या कागदाच्या वेळी मी केवळ सवयीचा गुलाम होतो. दुसऱ्या कागदाच्या वेळी मी जाणून होतो.

माळी आला तो चाचाला बरोबर घेऊन. “आता हळू वाचा,” तो म्हणाला, “अन् आमच्या बोलीत सांगा.” मी वाचू लागलो. त्या वाक्यापाशी माझा आवाज लवकर लवकर पुढे जाऊ लागला, तेव्हा चाचाने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“रुको. ये क्या पढा? अनवधान किसका?”

मला सांगावे लागले.  मी शाईची गादी पुढे सरकविली होती; माळ्याने ती पुन्हा माझ्याकडे सारली.

“अडानी तं मी हाओच, मुनशीजी,” तो म्हणाला. “पन मांगलं मी नाई. ज्यानं मांगलं थ्याचं नाव घाला.”

“नाव घातले तर माझा परवाना जाईल.”

“तुमचा परवाना हाय मनून जाईन. माह्यापाशी तं एक शबुदच होता.”

तो त्या कागदाला हात न लावता गेला. अंगठ्याची जागा रिकामीच राहिली. मी कागद फाडला.

दुसरे पत्र शेवटी चाचाने लिहिले. उर्दूत, शिवणाच्या यंत्राच्या फळीवर, वहीच्या पानावर. मी म्हटले, मातोश्रींना उर्दू येत नसेल तर? चाचा मान वर न करता म्हणाला, “बंबई में पढनेवाले बहोत हैं. लिखनेवाले की नीयत चाहिये.” पत्र लहान होते; लिहायला त्याला एक चिलीम ओढण्याइतकाही वेळ लागला नाही. पहिले पोचले त्याच मार्गाने पोचावे म्हणून तेही त्याच पत्त्यावर, रजिस्टर टपालाने गेले.

तीन आठवड्यांनी ते परत आले. टपालवाला मला ओळखतो, म्हणून चाचाचे दुकान बंद पाहून त्याने लिफाफा माझ्या पेटीवर ठेवला. फोडलेला नव्हता. वर इंग्रजीत एक शेरा होता. इंग्रजी येत नसले तरी तो शेरा मी ओळखतो. समन्स परत येते तेव्हा त्यावर हाच असतो. घेण्यास इन्कार. आत काय आहे हे कोणी पाहिलेच नव्हते. पाठविणाराचे गाव वाचले असेल आणि तेवढे त्यांना पुरले असेल. त्या गावाची ओळख मी त्यांना आधीच करून दिली होती.

संध्याकाळी माळ्याच्या हाती तो लिफाफा मीच दिला. शेऱ्याचा अर्थही मीच सांगितला. ते काम दुसऱ्यावर टाकता आले असते. टाकले नाही एवढे मी माझ्या बाजूने लिहितो. तो लिफाफा उलटसुलट करून पाहत राहिला.

“घरी सांगा, पोचले म्हणून,” मी म्हणालो. “त्यात कोणाचे नुकसान नाही. बाईच्या जिवाला बरे वाटेल.”

“तिले मी आजवर खोटं सांगतलं नाई,” तो म्हणाला. “पोट्टी गेली थे बी मीच सांगतलं होतं.”

लिफाफा त्याने न फोडता बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि गेला. पुढे एकदा मी चाचाला विचारले, त्या पत्रात तू काय लिहिले होतेस? चाचा सुईत दोरा ओवीत होता. म्हणाला, “आपके काम का कुछ नहीं था उसमें.”

माळी त्यानंतर वर्तमानपत्र ऐकायला आला नाही. मला वाटले, काळ जाईल तसे विसरेल. या तालुक्यातले लोक खुनाचे वैर विसरून एका ताटात जेवलेले मी पाहिले आहेत; आणि हे तर एका कागदाचे प्रकरण. दोन-तीन महिने गेल्यावर एका बाजारी मी मुद्दाम भाजीच्या ओळीत गेलो. माळी कोठे दिसला नाही. त्याची बायको पोत्यावर बसली होती. तिला मी पूर्वी पाहिले होते पण तिच्याशी बोललो नव्हतो. गिऱ्हाइकांशी ती नीट बोलत होती, भाव सांगत होती, घासाघीस करीत होती. मला समाधान वाटले. मनात म्हटले, पाहा, काही बिघडलेले नाही.

“वांगी द्या, अर्धा शेर,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि वांगी तराजूत घातली. पारडे खाली गेले तरी आणखी दोन घातली. मी पिशवी पुढे केली, तिने त्यात वांगी ओतली. मी नाणे पुढे केले, तेव्हा तिने हात मागे घेतला.

“ठुवा तुमच्यापाशी.”

“काहून?” माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

“मांगनाऱ्यापासून पैसे नाई घेत मी.”

हे ती मोठ्याने बोलली. ओळीतल्या बायका वळून पाहू लागल्या. कोणी तरी फिसकन हसले. ती हसली नाही. मी खाली वाकून, शक्य तितक्या सौम्य शब्दांत म्हणालो, “बाई, ती कागदाची रीत आहे. त्यात तुमचा अपमान नव्हता.”

“माह्या पोट्टीची गोठ तुमाले कागदात घालाले जड झाली,” ती म्हणाली, “अन् भीक हलकी झाली.”

मी नाणे तिच्या पोत्याच्या कडेला ठेवले. तिने ते दोन बोटांनी उचलून माझ्या पिशवीत, वांग्यांवर टाकले, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला विचारले, “तुमाले काय पायजे, माय?”